घन वस्तूचं आकारमान आणि घनता घरच्या काट्यावर कशी मोजायची

पितळेची दिसणारी वस्तू खरंच पितळेची आहे का, हे तिला ओरखडा न पाडता तपासता येतं. वस्तू किती ग्रॅमची आहे आणि किती घन सेंटीमीटर जागा व्यापते, हे दोन आकडे काढायचे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. ती घनता. पितळेची घनता मिश्रणाप्रमाणे ८.४ ते ८.७ भरते, जस्ताची ७.१४, पोलादाची ७.८५, तांब्याची ८.९६, ॲल्युमिनियमची २.७०, शिशाची ११.३४. एकक सगळीकडे ग्रॅम प्रति घन सेमी. एक घन सेमी म्हणजेच एक मिलीलिटर, त्यामुळे मिली म्हटलं तरी आकडा बदलत नाही.

वजन करणं सोपं असतं. गडबड होते ती आकारमानात. शाळेत शिकवलेली रीत अशी: मोजपात्रात पाणी घ्या, पातळी वाचा, वस्तू बुडवा, पुन्हा पातळी वाचा, वजाबाकी करा. तत्त्व बरोबर आहे, पण हातात येणारा आकडा फार ढोबळ असतो. १०० मिलीच्या मोजपात्रावर साधारण दर एका मिलीला रेघ असते. रेघांच्या मधलं अंतर डोळ्याने निम्म्यापर्यंत ओळखता येतं. वाचन दोनदा करायचं, म्हणजे चूक दोनदा होऊ शकते आणि २० मिलीच्या वस्तूत एक मिलीची, म्हणजे पाच टक्क्यांची गफलत सहज होते. खरी घनता ८.४५ असेल तर तुमचं उत्तर ८.० ते ८.९ मध्ये कुठेही येईल. एवढ्या पट्ट्यात पितळ आणि तांबं वेगळं ओळखता येत नाही, म्हणजे मोजायला सुरुवात ज्यासाठी केली तेच हाती लागत नाही.

तोटीच्या भांड्यातून ओसंडलेलं पाणी मोजण्याची रीत तर याहून कच्ची. तोटीच्या तोंडाशी पाणी फुगून थांबतं, मग एकदम सुटतं. शेवटचे थेंब कधी पडतील, कधी तोटीलाच चिकटून राहतील. एक थेंब म्हणजे सुमारे ०.०५ मिली. मुलांना आर्किमिडीजचं तत्त्व दाखवायला ही रीत छान आहे, मोजायला नाही.

म्हणून पाण्याची पातळी वाचायचं सोडून द्या. पाण्याचं भांडंच काट्यावर ठेवा आणि वस्तू वरून टांगून त्यात बुडवा. काटा जितके ग्रॅम दाखवेल, जवळजवळ तितकेच मिली तिचं आकारमान. नवशिक्याने ही एकच रीत नीट हातात बसवली तर घरातल्या बहुतेक घन वस्तूंचं काम भागतं.

काय लागतं

काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा आणि ५०० ग्रॅम पेलणारा घ्या. २०० ग्रॅमचा स्वस्त मिळतो, पण पेला आणि पाणी यांचंच वजन कधी कधी २०० च्या वर जातं, आणि टेअरचं बटण दाबून आकडा शून्य केला तरी काट्यावरचा भार तेवढाच राहतो. पेला हलका, प्लास्टिकचा आणि उभट असावा. वस्तू पूर्ण बुडून चारही बाजूंना बोटभर जागा उरेल इतका मोठा.

टांगायला तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी धागा घ्या, पाव मिलिमीटर जाडीचा. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. सुती दोरा नको. तो पाणी शोषतो आणि वरपर्यंत ओढतो, त्यामुळे आकडा स्थिर होत नाही. पाण्याचा पृष्ठभागही दोऱ्याला धरून ठेवतो. पाव मिलिमीटरच्या तंगुसावर ही ओढ फार तर ०.००६ ग्रॅमची, म्हणजे काट्याला दिसणारच नाही. एक मिलिमीटरच्या ओल्या दोऱ्यावर ती ०.०२ च्या पुढे जाते.

टांगणीसाठी वेगळा स्टँड हवाच असं नाही. काट्याच्या दोन बाजूंना सारख्या उंचीचे दोन डबे आणि त्यावर आडवं लाटणं ठेवलं की झालं. डब्यांचा काट्याला स्पर्श होता कामा नये. तापमापी मात्र असावी. मुंबईत मोजपात्र, तापमापी, काचसामान प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला मिळतं, आणि पुढे व्हर्नियर कॅलिपर (जाडी-व्यास बारीक मोजायचं साधन) घ्यायचा झाला तर नागदेवी स्ट्रीटवर.

पाणी पालिकेच्या नळाचं चालेल. त्यात विरघळलेले क्षार इतके कमी असतात की घनतेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मचूळ लागत असेल तर वापरू नका. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ असते आणि त्याची थोडी भेसळसुद्धा उत्तराच्या दुसऱ्या दशांशात दिसते. नळाचं पाणी आधी उकळून, झाकून, रात्रभर गार होऊ द्या. ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. तासाभरात तिचे बारीक बुडबुडे पेल्याला आणि वस्तूला चिकटतात. उकळल्यावर ती निघून जाते.

मोजण्याचा क्रम

१. पंखा बंद करा. वाऱ्याने आकडा नाचतो आणि पाण्याची वाफ होऊन हळूहळू घसरतही राहतो. इमारत रेल्वेमार्गाला लागून असेल तर लोकल गेल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

२. काटा सपाट, घट्ट जागेवर ठेवा. ओट्याचा दगड उत्तम, डुगडुगणारं टेबल नको. काटा सुरू करून पाच मिनिटं तसाच राहू द्या. मग ओळखीच्या वजनाने तपासा. सोबत आलेलं प्रमाण वजन नसेल तर २०११ च्या मालिकेतली एक रुपयाची दहा नाणी ठेवा. एका नाण्याचं ठरलेलं वजन ३.७९ ग्रॅम, दहांचं ३७.९ च्या आसपास यायला हवं. झिजलेली नाणी घेऊ नका.

३. वस्तू भांडी घासायच्या साबणाने धुऊन, कोरडी करून तिचं वजन लिहून ठेवा. हे आधीच करायचं, ओली झाल्यावर नाही. तेलकट हात लागलेल्या धातूवर पाणी नीट पसरत नाही, म्हणून धुणं टाळू नका.

४. पेल्यात पाणी घ्या, त्यात लिक्विड साबणाचा एकच थेंब टाकून फेस न होऊ देता हलकेच ढवळा. पृष्ठताण कमी होतो आणि बुडबुडे चिकटत नाहीत. पाण्याचं तापमान लिहा.

५. पेला काट्यावर ठेवून टेअर दाबा. आकडा शून्य.

६. वस्तू तंगुसाने लाटण्याला बांधून हळूहळू खाली सोडा. पूर्ण बुडली पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. पाणी उडालं तर पुन्हा पाचव्या पायरीपासून सुरू करा, कारण पेल्याबाहेर गेलेला एक थेंब ०.०५ ग्रॅमचा घोटाळा करतो.

७. आकडा थांबला की लिहा. वस्तू बाहेर काढून, पुसून, टेअर करून हेच आणखी दोनदा करा. तिन्ही आकडे ०.०३ च्या आत यायला हवेत. नाही आले तर सरासरी काढत बसू नका, कुठेतरी बुडबुडा आहे.

८. मिळालेल्या आकड्याला त्या तापमानाच्या पाण्याच्या घनतेने भागा. २५ अंशांना ०.९९७०, २७ ला ०.९९६५, २९ ला ०.९९५९, ३१ ला ०.९९५३. मुंबईत बहुतेक दिवस याच पट्ट्यातले.

आता उदाहरण. मुंबईतल्या तांबा काटा बाजारात मिळते तशी बोटभर उंचीची पितळी मूर्ती घेऊ. समजा कोरडं वजन १६८.४२ ग्रॅम, पाण्यात बुडवल्यावर काटा १९.८५, पाणी २९ अंशांचं. १९.८५ भागिले ०.९९५९ म्हणजे १९.९३ घन सेमी. १६८.४२ भागिले १९.९३ म्हणजे ८.४५. पितळ म्हणायला हरकत नाही. काट्याची चूक ०.०२ ग्रॅम धरली तरी आकारमानात फरक एक दशांश टक्क्याचा. मोजपात्रातल्या पाच टक्क्यांशी याची तुलना करा.

असं का होतं? वस्तू पाण्यात शिरली की पाणी तिला वर ढकलतं. ते बल तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं असतं. पाणी वस्तूला जितकं वर ढकलतं तितकीच वस्तू पाण्याला खाली ढकलते, आणि खाली काटा आहे. वस्तूचं स्वतःचं वजन तंगुसामार्गे लाटण्यावर जातं, ते काट्याला कळतच नाही. म्हणून वस्तू तळाला टेकली की सगळं बिघडतं: तंगुसावरचा भार काट्यावर उतरतो आणि २० ऐवजी ४० किंवा थेट १६८ दिसायला लागतं. एवढी मोठी चूक लगेच लक्षात येते. बारीक चूक बुडबुड्याची.

बुडबुडा

मूर्ती उलटी करून तळ बघा. ओतीव मूर्तींना खालून बहुधा खोलगट भाग सोडलेला असतो. मूर्ती उभी टांगली तर त्या पोकळीत वाटीत अडकावी तशी हवा अडकते. अर्धा मिली हवा अडकली तर काटा २०.३५ दाखवेल आणि घनता ८.२४ येईल. आकडा पितळेच्या पट्ट्याबाहेर गेला, की माणूस मूर्तीवर संशय घेतो. दोष असतो टांगण्याचा. अशी वस्तू आडवी किंवा डोकं खाली करून टांगा, पाण्यात असतानाच तिरकी करून हवा बाहेर सोडा, मगच वाचन घ्या. कोरीव कामातल्या खाचा, सोंडेखालची जागा, पायांमधल्या फटी इथे पाण्याखालीच मऊ ब्रशने हलका हात फिरवा. टॉर्च लावून बाजूने पाहिलं की बुडबुडे चांदीसारखे चमकतात. तीन मिलिमीटरचा एक बुडबुडा सुमारे ०.०१४ मिलीचा. एखादा चालतो, वीस चालत नाहीत.

ब्रश फिरवल्यावर पेल्यातलं पाणी ब्रशबरोबर थोडं बाहेर जातं. म्हणून हे काम दुसऱ्या भांड्यात, पाण्याखाली उरकून, ओली वस्तू तशीच काट्यावरच्या पेल्यात न्यायचा मोह होतो. तसं केल्यास वस्तूबरोबर आलेलं पाणी आकड्यात मिसळतं. त्यापेक्षा क्रम उलटा करा: वस्तू पेल्यात बुडवून बुडबुडे काढा, मग ती पाण्याच्या वर उचलून निथळू द्या, ओल्या, पिळलेल्या फडक्याने वरचं पाणी टिपून घ्या, तिथे टेअर दाबा आणि पुन्हा सावकाश खाली सोडा. ओल्या पृष्ठभागाला बुडबुडा क्वचितच चिकटतो. उचलून धरण्यापेक्षा लाटण्याखाली आणखी एक वीट-दोन पुस्तकं सरकवली तर हात स्थिर राहतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा. घनता अपेक्षेपेक्षा कमी आली तर धातू वेगळा आहे किंवा आत बंद पोकळी आहे. यातलं नेमकं कोणतं, हे घनता सांगत नाही.

अंगठी आणि सोनं

या रीतीने अंगठी तपासायचा विचार बहुतेकांच्या मनात येतोच. शुद्ध सोन्याची घनता १९.३२, बावीस कॅरेटची मिश्रणाप्रमाणे १७.८ च्या जवळपास. चार ग्रॅमच्या अंगठीचं आकारमान होतं जेमतेम ०.२२ मिली. काटा ०.०२ ने चुकला तर उत्तर १६.३ ते १९.५ मध्ये कुठेही. म्हणजे काहीच कळलं नाही. ०.०१ च्या काट्यावर निदान तीस-चाळीस ग्रॅमची भरीव, बिनखड्याची वस्तू असेल तरच मोजा. पोकळ बांगडी, मण्यांची माळ, लाख भरलेला दागिना यांना ही रीत लावूच नका. टंगस्टनची घनता १९.२५ आहे, शुद्ध सोन्याच्या इतकी जवळ की या काट्यावर फरक कळणं कठीण. झवेरी बाजारातलं कॅरेट मशीन क्ष-किरणांनी फक्त वरचा पातळ थर वाचतं, घनता संपूर्ण वस्तूची सरासरी सांगते. दोन्ही मिळून चित्र पूर्ण होतं, एकटी कोणतीच चाचणी नाही.

तरंगणाऱ्या वस्तू

सागवानाचा ठोकळा, मेण, बूच. नुसतं पाण्यावर सोडलं तर काटा त्या वस्तूचं वजनच दाखवेल, आकारमान नाही. तिला पूर्ण पाण्याखाली दाबायला हवी. दाभण लाटण्याला घट्ट बांधा, टोक ठोकळ्यात जरासं रुतवा आणि ठोकळा पृष्ठभागाच्या थोडाच खाली जाईल इतकं दाबा. दाभणाचा जितका भाग बुडतो तितकं आकारमान जादा येतं. दाभण एकटं तेवढंच बुडवून वाचन घ्या आणि वजा करा. हाताने दाबू नका, आकडा थरथरतो.

लाकूड पाणी पितं, म्हणून वाचन बुडवल्यापासून अर्ध्या मिनिटात. पावसाळ्यात लाकडाचं वजनही हवेतल्या ओलीने वाढलेलं असतं, त्यामुळे जुलैची आणि जानेवारीची घनता वेगळी येणं ही चूक नाही. तारीख लिहून ठेवा.

पाण्यात विरघळणाऱ्या वस्तू

खडीसाखर, तुरटी, सैंधव यांसाठी पाण्याऐवजी शेंगदाण्याचं तेल घ्या. तेलाची घनता आधी काढावी लागते. पोलादी बोल्ट पाण्यात बुडवून वाचन घ्या, पुसून तेलात घ्या. पाण्यात १५.२० आणि तेलात १३.९३ आलं, पाणी २९ अंशांचं, तर तेलाची घनता १३.९३ भागिले १५.२० गुणिले ०.९९५९, म्हणजे ०.९१३. पुढे प्रत्येक वाचनाला याच आकड्याने भागायचं. साखरेच्या स्फटिकाची घनता १.५९, मिठाची २.१६. दोऱ्याची खडीसाखर घेतली तर दोऱ्याजवळ हवा राहते आणि घनता कमी येते. सुटा, स्वच्छ खडा निवडा. तेल घट्ट असतं, बुडबुडे वर यायला वेळ घेतात, पाच मिनिटं थांबा.

नियमित आकार

सरळ दांडा, ठोकळा, गोळी असेल तर व्हर्नियरने मोजून सूत्र लावा. फक्त व्यासाकडे लक्ष द्या, कारण दांड्यात त्याचा वर्ग होतो, गोळीत घन. १२ मिमी व्यासाच्या दांड्यात पट्टीने अर्धा मिलिमीटर जास्त वाचला तर आकारमान साडेआठ टक्क्यांनी फुगतं. व्यास तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजा.

सच्छिद्र दगड

मुंबईचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, घारापुरीची लेणी, घराघरातले पाटे-वरवंटे याच जातीचे. ताज्या, घट्ट बेसॉल्टची घनता २.८ ते ३.० असते. पण लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्याची छिद्रं राहिली, काहींत पुढे झिओलाइटसारखी हलकी खनिजं भरली. त्यामुळे दगडाला घनता एक नसते, दोन असतात: छिद्रांसकट आणि छिद्रं वगळून. कोणती काढताय ते आधी ठरवा, नाहीतर दोन जणांचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

बांधकामाच्या खडीतला मुठीएवढा तुकडा घ्या. इथे पाच किलोचा, एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो, कारण आकारमानच दीडशे मिलीच्या घरात असतं. तुकडा घासून धुवा आणि ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. पावसाळ्यात नुसत्या हवेत तो कोरडा होत नाही. गार झाल्यावर कोरडं वजन घ्या. मग थंड पाण्यात ठेवून मंद आचेवर तापवा, दोन तास उकळू द्या आणि त्याच पाण्यात रात्रभर ठेवा, म्हणजे छिद्रांतली हवा जाऊन पाणी भरतं. बाहेर काढून ओल्या, पिळलेल्या फडक्याने वरचं पाणी टिपा. कोरडं फडकं छिद्रांतलंही पाणी ओढून घेतं. लगेच ओलं वजन घ्या आणि लगेच जाड तंगुसाने टांगून बुडवा.

समजा कोरडं वजन ४१२, ओलं ४१९, बुडवल्यावर काटा १५१. बाहेरून दिसणारं आकारमान १५१ भागिले ०.९९५९, म्हणजे १५१.६. छिद्रांसकट घनता ४१२ भागिले १५१.६, म्हणजे २.७२. छिद्रांत सात ग्रॅम पाणी शिरलं, म्हणजे उघडी छिद्रं ७.० मिलीची. ती वजा केली की १४४.६ उरतात आणि घनता २.८५ येते. सच्छिद्रता ७.० भागिले १५१.६, सुमारे ४.६ टक्के. भिजवल्याशिवाय, कोरडा दगड तसाच बुडवला असता तर पाणी छिद्रांत शिरत असताना काट्यावरचा आकडा घसरत राहिला असता, आणि कोणत्या क्षणी वाचायचा हे ठरवता आलं नसतं. ज्या छिद्रांना बाहेर तोंडच नाही त्यांच्यात उकळूनही पाणी जात नाही. त्यांच्यासाठी दगडाची पूड करून विशिष्ट गुरुत्वाच्या बाटलीत, म्हणजे नेमक्या ठरावीक आकारमानाच्या छोट्या बाटलीत मोजावी लागते.